वाचकांचे प्रश्न : तळे, विहीर आणि संवर्धन मंडळ

या वेळी आलेली बहुतेक पत्रे स्थानिक संवर्धन मंडळांवर काम करणाऱ्या किंवा अशा मंडळाकडे तक्रार घेऊन गेलेल्या वाचकांची आहेत. पत्रे लांब होती, म्हणून येथे प्रश्नाचा गाभा तेवढा ठेवला आहे.

प्रश्न : आमच्या तळ्याला एकही नाला किंवा गटार येऊन मिळत नाही. तरीही सलग तिसऱ्या उन्हाळ्यात पाणी हिरवे झाले आणि मासे मेले. मंडळाने दोनदा काठाची पाहणी केली, ‘प्रदूषणाचा स्रोत आढळला नाही’ असे इतिवृत्तात नोंदवले आणि विषय बंद केला. नाला नसेल, तर घाण येते कुठून?

मंडळाने काठ दोनदा पाहिला, हे चांगलेच झाले. पण ज्या तळ्याला नाला मिळत नाही आणि तरीही जे भर उन्हाळ्यात आटत नाही, त्याला पाणी जमिनीखालून मिळते असे धरूनच चौकशी सुरू करायला हवी होती. अशा ठिकाणी तळे भूजलाहून वेगळे नसते. भूजलाची पातळी एखाद्या खळग्यात उघडी पडली, की तिला आपण तळे म्हणतो. भूजल उताराकडे सावकाश सरकत असते. ते वरच्या अंगाच्या काठातून तळ्यात झिरपते आणि खालच्या अंगाने पुन्हा जमिनीत उतरते. त्यामुळे वरच्या अंगाला, काठापासून बरेच दूर, एखादा शोषखड्डा, गळका सेप्टिक टँक, शेणाचा उकिरडा किंवा भरमसाट खत घातलेली हिरवळ असेल, तर त्यातील विरघळलेला अंश काही वर्षांनी तळ्यात येतो, आणि काठावर उभ्या असलेल्या पाहणी पथकाला स्वच्छ वाळूखेरीज काहीच दिसत नाही.

ही ‘काही वर्षे’ मोघम नाहीत. आंरी दार्सी या फ्रेंच अभियंत्याने १८५६ मध्ये दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्यावरील ग्रंथात वाळूतून पाणी कसे वाहते याचा नियम मांडला, आणि भूजलाचा हिशेब आजही त्याच नियमाने केला जातो. वाळूची पाणी वाहू देण्याची क्षमता दिवसाला २० मीटर, भूजलाचा उतार हजार मीटरला तीन मीटर आणि वाळूतील पोकळीचे प्रमाण ३० टक्के धरले, तर पाणी दिवसाला २० सेंटिमीटर, म्हणजे वर्षाला सुमारे ७३ मीटर सरकते. तेव्हा ३०० मीटरवरच्या शोषखड्ड्यातील पाण्याला तळे गाठायला चार वर्षे लागतात. घट्ट चिकणमातीत एवढ्याच अंतराला शतके लागू शकतात, तर भेगाळ चुनखडकात ते काही दिवसांत कापले जाते.

या पाण्याबरोबर काय येते, हेही समजून घ्यावे. नायट्रेट मातीच्या कणांना चिकटत नाही, ते पाण्याच्याच वेगाने चालते. फॉस्फरस मात्र मातीतील लोह आणि अॅल्युमिनियमच्या संयुगांना धरून बसतो, म्हणून पुष्कळ वर्षे कोणाला त्याचा पत्ता लागत नाही. मातीची धरून ठेवण्याची ताकद संपली, की तोही पुढे सरकू लागतो. गोड्या पाण्याच्या तळ्यात शेवाळ माजवणारा मुख्य घटक बहुतेक वेळा फॉस्फरसच असतो, आणि एक ग्रॅम फॉस्फरसवर शंभर ग्रॅमच्या आसपास सुके शेवाळ वाढू शकते, हे ध्यानात घेतले तर या उशिरा येणाऱ्या पाहुण्याची धास्ती का घ्यायची ते कळेल.

याचे सर्वात अभ्यासलेले उदाहरण अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात, केप कॉड येथील ॲशुमेट तळ्याचे आहे. तेथील लष्करी तळावरचे प्रक्रिया केलेले सांडपाणी १९३६ पासून १९९५ पर्यंत वाळूच्या वाफ्यांवर सोडून जमिनीत मुरवले जात होते. वाफे तळ्याच्या काठावर नव्हते, काही शे मीटर दूर होते. सांडपाणी सोडणे थांबले, तरी वाळूत साठलेला फॉस्फरस भूजलाबरोबर तळ्याकडे येतच राहिला. अखेर २००४ मध्ये, जेथून दूषित भूजल तळ्यात शिरते तेथे, काठालगत तळाच्या वाळूत लोहाचा चुरा मिसळून अडसर घालण्यात आला, जेणेकरून फॉस्फरस तळ्यात येण्याआधीच लोहाला चिकटावा.

आपल्या मंडळाने म्हणूनच काठाची तिसरी पाहणी करू नये, पाझर मोजावा. १९७७ पासून रूढ असलेले झिरपमापक हे साधन कोणालाही बनवता येते. लोखंडी पिंपाचे एक टोक हातभर उंचीवर कापून घ्यावे, उघडी बाजू खाली करून ते तळाच्या गाळात दाबून बसवावे आणि वरच्या भोकाला नळीने एक पातळ प्लास्टिकची पिशवी जोडावी. पिशवीत आधी मोजून थोडे पाणी भरावे आणि दोन तासांनी पुन्हा मोजावे. पिंपाच्या तोंडाचे क्षेत्रफळ पाव चौरस मीटर असून पिशवीत अर्धा लिटर पाणी वाढले असेल, तर त्या जागी प्रत्येक चौरस मीटरमधून दिवसाला २४ लिटर भूजल वर येत आहे, असा त्याचा अर्थ होतो. पिशवीतील पाणी कमी झाले, तर तेथे तळ्याचेच पाणी जमिनीत उतरत आहे. भूजलाचा शिरकाव काठाजवळ सर्वाधिक असतो आणि आत जावे तसा झपाट्याने घटतो, त्यामुळे काठाने फिरत अशी वीसएक मापे घेतली, तर कोणत्या अंगाला शोध घ्यायचा हे बऱ्यापैकी स्पष्ट होते.

प्रश्न : विहिरीच्या पाण्याचे दोन अहवाल मंडळासमोर आले. एकात नायट्रेट १० आणि दुसऱ्यात ४४ होते. एका प्रयोगशाळेने चूक केली असे ठरवून दोन्ही अहवाल बाजूला ठेवण्यात आले. हे योग्य झाले का?

नाही. बहुधा दोन्ही अहवाल खरे आहेत आणि एकच गोष्ट सांगत आहेत. नायट्रेटचे प्रमाण दोन पद्धतींनी लिहितात : काही प्रयोगशाळा संपूर्ण नायट्रेटचे वजन देतात, काही त्यातील फक्त नायट्रोजनचे. नायट्रोजनच्या आकड्याला ४.४३ ने गुणले, की नायट्रेटचा आकडा मिळतो. म्हणजे १० आणि ४४ हे एकच माप आहे. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला ५० मिलिग्रॅम नायट्रेट अशी, भारतीय मानकातील ४५ मिलिग्रॅम अशी आणि अमेरिकेतील १० मिलिग्रॅम नायट्रोजन अशी लिहिलेली असते. या तिन्ही मर्यादा जवळजवळ सारख्याच आहेत, आणि आपली विहीर त्यांच्या उंबरठ्यावर आहे. जो अहवाल बाजूला ठेवला, तोच आधी वाचायला हवा होता.

आकड्यापेक्षा मला नमुना कसा घेतला याची अधिक काळजी वाटते. बोअरमध्ये साचून राहिलेले पाणी म्हणजे भूजल नव्हे. ते आधी उपसून टाकावे लागते. दहा सेंटिमीटर व्यासाच्या बोअरमध्ये दहा मीटर पाणी उभे असेल, तर ते सुमारे ७८ लिटर भरते, आणि त्याच्या तिप्पट, म्हणजे जवळपास २३५ लिटर पाणी काढल्यावर, तापमान, सामू (पीएच) आणि विद्युतवाहकता स्थिर झाल्यानंतरच बाटली भरावी, अशी रीत आहे. कोणत्या खोलीवरचे पाणी घेतले, हेही लिहून ठेवावे. पेट्रोल भूजलाच्या पृष्ठभागावर तरंगते, तर यंत्रे पुसायला वापरले जाणारे ट्रायक्लोरोएथिलीन पाण्याच्या जवळजवळ दीडपट जड असल्याने तळाशी जाऊन बसते. एकाच खोलीवरचा नमुना या दोघांपैकी एकाला हमखास चुकवतो.

तळ्याच्या बाबतीत वेळ महत्त्वाची ठरते. शेवाळ दिवसा प्राणवायू सोडते आणि रात्रभर तोच वापरते, त्यामुळे पाण्यातील प्राणवायू सूर्योदयाच्या सुमारास सर्वात कमी असतो. मासे मरतात ते याच वेळी. पाहणी पथके मात्र कार्यालय उघडल्यावर निघतात, दुपारी माप घेतात आणि प्राणवायू उत्तम असल्याचे नोंदवून परततात.

प्रश्न : पाणी उकळून प्यायले तर पुरेसे नाही का?

जंतूंसाठी पुरेसे आहे. नायट्रेटसाठी उकळणे उलट अपायकारक आहे, कारण पाणी वाफ होऊन जाते आणि नायट्रेट मागे राहून अधिक दाट होते. विहिरीच्या अशा पाण्यामुळे तान्ह्या बाळांचे रक्त प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही आणि त्यांची कांती निळसर पडते, हे १९४५ मध्ये अमेरिकेतील आयोवा राज्यातील नोंदींवरून प्रथम मांडले गेले. बाटलीने दूध पिणाऱ्या सहा महिन्यांखालील बाळासाठी हे पाणी वापरू नये. निळ्या-हिरव्या शेवाळाची मायक्रोसिस्टिनसारखी विषेही साध्या उकळण्याने जात नाहीत.

प्रश्न : मंडळाकडे तीन पुरवठादारांचे प्रस्ताव आहेत : एक मोरचूद (तांब्याचा क्षार) टाकण्याचा, दुसरा तुरटीचा, तिसरा ‘शेवाळ खाणाऱ्या जिवाणूंच्या’ पुड्यांचा. कोणता स्वीकारावा?

तिसऱ्यापासून सुरुवात करतो, कारण त्याला दोन वाक्ये पुरतात. तळ्यात जिवाणूंचा तुटवडा कधीच नसतो. पुडीतील जिवाणूंनी शेवाळ पचवले, तरी त्यातील फॉस्फरस पाण्यातच राहतो आणि पुढच्या शेवाळाला मिळतो.

मोरचुदाने शेवाळ मरते यात शंका नाही, आणि भीती नेमकी तीच आहे. निळे-हिरवे शेवाळ जिवंत असेपर्यंत विषाचा बराच भाग पेशीच्या आत असतो. पेशी फुटल्या, की तो एकदम पाण्यात मिसळतो. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्यातल्या पाम बेटावर १९७९ मध्ये पिण्याच्या पाण्याच्या जलाशयात शेवाळावर मोरचूद टाकण्यात आले आणि त्यानंतरच्या दिवसांत १४८ लोक यकृत व आतड्यांच्या विकाराने आजारी पडले. त्यांत बहुतेक मुले होती. शिवाय तांबे गाळात साठत जाते आणि पुढे तो गाळ काढून टाकायचा कुठे, हा नवा प्रश्न मंडळासमोर येतो. ज्या तळ्याचे पाणी जवळच्या विहिरींत उतरते, तेथे तर मी हा प्रस्ताव चर्चेलाही घेणार नाही.

तुरटीचा प्रस्ताव अधिक विचारार्ह आहे. तिच्यातील अॅल्युमिनियम पाण्यातल्या फॉस्फरसला धरून तळाशी बसते आणि गाळातून वर येणाऱ्या फॉस्फरसलाही काही वर्षे अडवते. मात्र तुरटीने पाण्याचा सामू उतरतो, आणि तो सहाच्या खाली गेला तर विरघळलेले अॅल्युमिनियम माशांना घातक ठरते. म्हणून पाण्याची क्षारता, म्हणजे आम्ल पचवण्याची ताकद, आधी तपासून, गरज असेल तर सामू सांभाळणारे द्रव्य सोबत टाकून, मात्रा ठरवावी लागते. पुरवठादाराच्या प्रस्तावात क्षारतेचा उल्लेखच नसेल, तर तो परत पाठवावा.

परंतु बाहेरून येणारा फॉस्फरस चालू असताना तुरटी टाकणे म्हणजे नळ सुरू ठेवून फरशी पुसणे आहे. फॉस्फरस हाच सूत्रधार आहे हे कॅनडातील ऑन्टारियो प्रांतात ‘सरोवर २२६’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सरोवरात १९७३ मध्ये फार स्पष्टपणे दिसले. संशोधकांनी त्याच्या मधोमध प्लास्टिकचा पडदा लावून दोन भाग केले. एका भागात कार्बन आणि नायट्रोजन टाकले, दुसऱ्या भागात त्यांच्या जोडीला फॉस्फरसही टाकला. फॉस्फरसचा भाग शेवाळाने हिरवागार झाला, पडद्यापलीकडचे पाणी काळेशार राहिले. नायट्रोजन हवेतून मिळवण्याची सोय काही निळ्या-हिरव्या शेवाळांकडे असते, फॉस्फरसची तशी सोय कोणाकडेच नसते.

प्रश्न : आमच्या मंडळाचा अधिकार तळ्याच्या काठालगतच्या पट्ट्यापुरताच आहे आणि निधीही फारसा नाही. आपण सांगता ते सर्व काठापासून दूर घडते. मग मंडळाने करायचे काय?

ही अडचण खरी आहे आणि ती केवळ आपली नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये स्थानिक संवर्धन मंडळे नेमण्याची तरतूद १९५७ पासून आहे, आणि पाणथळ जागांच्या कायद्यानुसार काठापासून १०० फुटांच्या पट्ट्यात काम करायचे असल्यास त्यांच्यासमोर यावे लागते. शंभर फूट म्हणजे तीस मीटर. वर केलेल्या हिशेबाने भूजल एवढे अंतर पाच महिन्यांत पार करते. काठचा पट्टा पावसाच्या वाहत्या पाण्यातील गाळ आणि खत अडवण्यासाठी फार उपयोगी आहे, पण त्याच्या खालून जाणाऱ्या नायट्रेटला तो अडवीलच असे नाही.

विहिरींच्या संरक्षणाचा विचार करणाऱ्यांनी म्हणून अंतराऐवजी काळ मोजला. जर्मनीत पिण्याच्या पाण्याच्या विहिरीभोवतीचे आतले संरक्षण क्षेत्र, ज्या रेषेपासून भूजलाला विहिरीपर्यंत यायला ५० दिवस लागतात तेथपर्यंत आखतात. तेवढ्या काळात बहुतेक रोगजंतू जमिनीतच मरतात, असा त्यामागचा विचार आहे. वाळूच्या जमिनीत हे अंतर थोडे भरते. भेगाळ खडकात मात्र तेच फार मोठे होते, आणि ते विसरले तर काय घडते ते ऑन्टारियोतील वॉकर्टन या गावाने मे २००० मध्ये पाहिले. मुसळधार पावसानंतर शेतात पसरलेल्या शेणखतातील जंतू भेगाळ खडकातल्या एका उथळ विहिरीत उतरले. पाण्यात क्लोरीन पुरेसे नव्हते, तपासणीच्या नोंदी विश्वासार्ह नव्हत्या, आणि सात माणसे दगावली, दोन हजार तीनशेहून अधिक आजारी पडली. शेतकऱ्याने खत योग्य रीतीनेच हाताळले होते, असा चौकशीचा निष्कर्ष निघाला. विहिरीची जागाच धोक्याची होती, आणि त्या धोक्याकडे पाहणे हे कोणाचेच काम नव्हते.

मंडळाला काय करता येईल, ते आता सांगतो. पहिले काम नकाशाचे आहे आणि ते स्वस्त आहे. तळ्याच्या परिसरातील, एका रेषेत नसलेल्या किमान तीन विहिरींची पाण्याची पातळी एकाच दिवशी, एकाच पायाभूत उंचीपासून मोजली, तर त्या तीन आकड्यांवरून भूजलाचा उतार आणि दिशा काढता येते. हाच नकाशा सभेत भिंतीवर लावला, की ‘आमचे घर तळ्यापासून फार लांब आहे’ हे वाक्य पूर्वीइतक्या सहज कोणी बोलत नाही. दुसरे काम परवानगीच्या अटींचे आहे. अर्ज पट्ट्यातल्या बांधकामाचा असला, तरी त्या बांधकामाचे सांडपाणी कोठे मुरणार हे विचारण्याचा अधिकार कायद्याने दिला असेल, तर तो वापरावा, आणि वरच्या व खालच्या अंगाला एकेक निरीक्षण विहीर खोदून वर्षातून दोनदा अहवाल देण्याची अट घालावी. जेथे मंडळाचा अधिकार पोहोचत नाही, तेथे आरोग्य, पाणीपुरवठा आणि नगररचना या खात्यांचा पोहोचतो. त्यांना मोघम चिंता न कळवता नकाशा, मापे आणि तारखा जोडून लेखी कळवावे, आणि त्या पत्राचा उल्लेख इतिवृत्तात करावा.

आपल्या पत्राच्या शेवटी एक ओळ होती, की वरच्या अंगाची सर्वात मोठी मिळकत मंडळाच्याच एका सदस्याची आहे. त्या सदस्याने या विषयापुरते चर्चेतून आणि मतदानातून बाहेर राहावे, आणि तशी नोंद व्हावी. हे अवघडल्यासारखे होते, याची मला कल्पना आहे. पण असे न झाल्यास तीन विहिरींची मापे कितीही अचूक असली, तरी त्यांवर कोणी विश्वास ठेवणार नाही.

प्रश्न : स्रोत बंद केल्यावर तळे किती वर्षांत सुधारते?

तळे खोल असेल आणि त्यातील पाणी लवकर बदलत असेल, तर लवकर. सिएटल शहराजवळच्या वॉशिंग्टन सरोवरात येणारे सांडपाणी १९६३ ते १९६८ या काळात टप्प्याटप्प्याने दुसरीकडे वळवण्यात आले आणि काही वर्षांतच शेवाळ ओसरून पाणी निवळले. उथळ तळ्यात इतकी घाई करता येत नाही. तेथे तळाशी प्राणवायू संपला, की गाळातील लोहाने धरलेला फॉस्फरस सुटून पुन्हा पाण्यात येतो, आणि बाहेरचा पुरवठा बंद असूनही तळे जुन्या साठ्यावर हिरवे होत राहते. त्यात भूजलाच्या प्रवासाची वर्षे वेगळी मिळवावी लागतात. तुरटीचा किंवा गाळ उपसण्याचा खरा काळ हा असतो, स्रोत बंद झाल्यानंतरचा. गाळ उपसताना तळाचा चिकण थर फुटून तळे गळू लागू नये, यासाठी त्याची जाडी आधी तपासावी.

प्रश्न : मंडळ मोजमाप करीत नाही. आम्ही रहिवाशांनी स्वतः काही मोजले, तर त्याला किंमत असते का?

पद्धत एकच ठेवली, तर असते. आंजेलो सेक्की या इटालियन खगोलशास्त्रज्ञाने १८६५ मध्ये भूमध्य समुद्रात पांढरी तबकडी सोडून पाण्याची पारदर्शकता मोजली, आणि आजही तळ्यांवर तेच साधन वापरतात. वीस सेंटिमीटर व्यासाची, काळ्या-पांढऱ्या चतकोरांत रंगवलेली, खाली वजन बांधलेली तबकडी खुणा केलेल्या दोरीने होडीच्या सावलीच्या बाजूने सोडावी. ती दिसेनाशी होते ती खोली लिहावी, वर ओढताना पुन्हा दिसते ती खोली लिहावी आणि दोहोंची सरासरी घ्यावी. माप सकाळी दहा ते दुपारी तीन या वेळेत, दर पंधरवड्याला, त्याच जागी आणि शक्यतो त्याच माणसाने घ्यावे, गॉगल घालू नये, आणि आकड्याशेजारी ऊन होते की ढग, वारा होता की नाही आणि आधीच्या तीन दिवसांत पाऊस झाला का, हे नोंदवावे. दोन वर्षांची अशी वही सभेच्या कामकाजात दाखल करून घ्या आणि तिची पोच मागा.